प्रॉडक्शनवर चूक झाली आणि आता सगळंच नव्याने लिहावंसं वाटतंय

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, मी तीन वर्षं डेव्हलपर आहे. आमचं सॉफ्टवेअर बारा वर्षं जुनं, ज्यांनी लिहिलं ते सगळे सोडून गेले, डॉक्युमेंटेशन नाही, टेस्ट नाहीत. एका फंक्शनमध्ये कोणीतरी तीन सेकंद थांबायला लावलंय आणि वर कमेंट आहे 'काढू नका', बस एवढंच. गेल्या महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी रिलीजच्या गडबडीत मी प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या सिस्टीमवर, डेटा बदलणारी अपडेट क्वेरी चालवली आणि व्हेअर, म्हणजे कुठले रेकॉर्ड बदलायचे ती अट, टाकायचं राहिलं. ४ रेकॉर्ड बदलायचे होते, १८,००० बदलले. रात्रभर बसून परत आणले. सोमवारी मॅनेजरनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर नाव घेऊन झापलं. तेव्हापासून डेटाबेसला कनेक्ट करताना हात थरथरतात. मला वाटतं हे सगळं टाकून मायक्रोसर्व्हिसेसमध्ये, म्हणजे छोट्या छोट्या स्वतंत्र सिस्टीममध्ये तोडून, नव्याने लिहावं, आता एआय आहे, तीन-चार महिन्यांत होईल. लॅपटॉप इतका स्लो आहे की बिल्डला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार व्हायला, ११ मिनिटं लागतात. सीनियर म्हणतात चालतंय ना, हात लावू नकोस. कोण बरोबर? की नोकरीच सोडू?"

अरे, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं की प्रश्न रीराईटचा आहे, दुसऱ्यांदा मात्र त्या शुक्रवारपाशीच अडकले. एक विचारते, मनातल्या मनात खरं उत्तर दे. सगळं नव्याने लिहायचं हे तुझ्या डोक्यात त्या सोमवारनंतरच आलं ना? तीन वर्षं तू त्याच कोडमध्ये काम करत होतास आणि तेव्हा तो फेकून द्यावासा वाटला नाही. मला दिसतंय ते असं की तुला त्या कोडची भीती बसलीये, आणि ज्याची भीती वाटते ते डोळ्यांसमोरून जावं असं माणसाला वाटतंच. पण ती भीती तशीच राहिली तर नवीन सिस्टीमवर पहिला शुक्रवार आला की हात परत थरथरतील, म्हणून आधी तिचं बघू, कोडचं नंतर.

माझ्या हातून असंच झालंय. नोकरीचं तिसरं वर्ष, स्क्रीनवर दोन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी, डावीकडे टेस्टचा डेटाबेस, उजवीकडे प्रॉडक्शन, दोन्हीचा प्रॉम्प्ट सेम, अक्षर सेम, सगळं सेम. टेस्टमधलं एक टेबल रिकामं करायचं होतं, मी ट्रंकेट लिहून एंटर मारला आणि बोट कीबोर्डवरून उचलायच्या आत कळलं की खिडकी उजवीकडची आहे. पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते तेव्हा समजलं, कानात नुसता आवाज, शेजारचा माणूस काहीतरी बोलतोय ते ऐकूच येत नव्हतं. आमचे एक सीनियर होते, ते खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "शेवटची कमांड काय होती ती मोठ्याने वाच." कोणी केलं, कशाला केलं, यातलं एक अक्षर नाही. मी वाचली. मग ते म्हणाले, "ठीक, आता बॅकअप बघू." आणि बॅकअप बघितला तर फाइल शून्य बाइटची! रोज रात्री मेल यायचा 'बॅकअप यशस्वी', आम्ही सगळे तो न उघडता डिलीट करायचो, आणि आत डिस्क भरून कित्येक आठवडे झाले होते. ते टेबल आम्ही ॲप्लिकेशनच्या लॉग फाइलींमधून एकेक ओळ काढून तीन दिवसांत परत उभं केलं. त्या तीन दिवसांत मी जे शिकले त्यावर आजपर्यंत काम करतेय.

आणि हे फक्त तुझ्यामाझ्यासारख्यांचंच होतं असं समजू नकोस. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीत एक इंजिनीयर रात्री उशिरापर्यंत डेटाबेसच्या रेप्लिकेशनची, म्हणजे मुख्य सर्व्हरची दुसऱ्यावर सतत नक्कल ठेवण्याची, भानगड सोडवत होता, त्याला दुय्यम सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर उडवायचं होतं आणि कमांड चालली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, थांबवलं, तोपर्यंत सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले होते. मग एकेक बॅकअप बघायला गेले तर एकही धड नाही. रोजचा डंप, म्हणजे डेटाची पूर्ण नक्कल, चालतच नव्हता, कारण डंप घेणाऱ्या टूलचं व्हर्जन आणि डेटाबेसचं व्हर्जन वेगळं, आणि फेल झाल्याचे मेल मेल सर्व्हर नाकारत होता म्हणून कोणाला पत्ताच नाही. वाचले कशामुळे, तर त्याच इंजिनीयरने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाची प्रत, हाताने घेऊन ठेवला होता. त्यांनी हे सगळं जगासमोर मांडलं, रिकव्हरीचं काम तर लाइव्ह दाखवलं, आणि कारणं लिहिताना बोट ठेवलं ते व्यवस्थेवर. त्यांचा तो रिपोर्ट मी नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात वाचायला लावते.

तर तुझ्या शुक्रवारकडे तसंच बघूया. तीन वर्षं अनुभव असलेल्या माणसाच्या हातात प्रॉडक्शनवर थेट लिहायचे राइट्स, संध्याकाळची वेळ, गडबड, शेजारी दुसरे डोळे नाहीत, आणि टूलने एकदाही विचारलं नाही की बाबा १८,००० बदलणारेत, करू का? व्हेअर विसरणं हे यातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात साधं कारण. माणूस विसरणारच, मी वीस वर्षांनीही विसरते. काम असं रचायचं असतं की विसरलो तरी परत फिरता येईल, बाकी टूल, भाषा, फ्रेमवर्क हे सगळं त्याच्यानंतर.

आता हातात काय धरायचं ते सांगते, अगदी सोमवारपासून. प्रॉडक्शनवर काहीही बदलायचं असेल तर आधी तोच व्हेअर लावून सिलेक्ट चालवायचा, किती रेकॉर्ड येतात ते बघायचं आणि आकडा कागदावर लिहायचा, खरंच कागदावर. मग बिगिन, म्हणजे इथून पुढचे बदल अजून कच्चे, मग अपडेट, मग डेटाबेस सांगतो किती बदलले, तो आकडा कागदावरच्या आकड्याशी जुळला तर कमिट, म्हणजे बदल पक्के, नाही जुळला तर रोलबॅक, म्हणजे होतं तसं परत, आणि एक मोठा श्वास. तुझ्या त्या शुक्रवारी बिगिन असता तर ४ च्या जागी १८,००० बघून तू रोलबॅक लिहिलं असतंस आणि वेळेत घरी गेला असतास, एवढाच फरक. मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरत असाल तर तिथे ऑटोकमिट मुळातच चालू असतं, म्हणजे बिगिन न लिहिता चालवलेली प्रत्येक क्वेरी लगेच पक्की होते. त्याच्या कमांड लाइन क्लायंटला सेफ अपडेट्स नावाचा ऑप्शन आहे, तो चालू ठेवला की व्हेअर नाही, लिमिट नाही अशी अपडेट तो चालवतच नाही. आणि एक गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते: मायएसक्यूएलमध्ये टेबलाची रचना बदलणारी कमांड, म्हणजे अल्टर, ड्रॉप वगैरे, बिगिनच्या आत टाकली तरी आपोआप कमिट होते, तिथे रोलबॅक उपयोगाचा नाही. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये यातलं बरंचसं रोलबॅक होतं. फक्त बिगिन करून फोनवर बोलायला निघून जाऊ नकोस हं, तू त्या रेकॉर्डवर लॉक धरून बसतोस आणि मागे सगळी रांग अडकते.

राइट्सचंही तेच. रोजच्या वापरासाठी फक्त वाचायचं अकाउंट घे, लिहायचं अकाउंट वेगळं, वेगळ्या पासवर्डने, मुद्दाम थोडं कटकटीचं. प्रॉडक्शनच्या टर्मिनलचं बॅकग्राउंड लाल कर. माझं तेव्हापासून लालच आहे, कोणी माझ्या मशीनवर बसलं की डोळ्यांना त्रास होतो म्हणतं, होऊ दे. आणि लिहायची क्वेरी चालवताना शेजारी कोणीतरी बसवायचंच आणि क्वेरी मोठ्याने वाचायची, मोठ्याने वाचताना राहिलेला व्हेअर कानाला कळतो.

बॅकअपबद्दल माझं मत जरा कडक आहे. जो बॅकअप परत चढवून बघितला नाही तो मी बॅकअप धरतच नाही. महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनवर तो रिस्टोअर करायचा, घड्याळ लावून, आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवायचं, कारण खरी वेळ येते तेव्हा सगळे पहिलं हेच विचारतात की किती वेळ लागेल, आणि त्याचं उत्तर कोणाकडेच नसतं. हे काम तू स्वतःहून माग. मॅनेजरला सांग की ही जबाबदारी मला द्या. ज्याने डेटा उडवला त्यानेच दोन महिन्यांत रिस्टोअरची पद्धत बसवून दिली, असं झालं की ऑफिसमध्ये तुझ्याकडे बघायची नजर बदलते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुझी स्वतःची बदलते. हात थरथरायचे थांबले तर यानेच थांबतील, माझे असेच थांबले.

आता रीराईट. ते तीन सेकंद मला फार आवडले. मीही एकदा अशीच एक 'दोन सेकंद थांब' वाली ओळ काढली होती, कोड बघून वाटलं कोणीतरी आळशीपणा केलाय. दोन दिवसांनी तक्रार आली की काही बिलं दोनदा जातायत. पलीकडे दुसऱ्या कंपनीची सिस्टीम होती, ती रिक्वेस्ट घेतली म्हणायची पण आत नोंद व्हायला तिला एक-दीड सेकंद लागायचा, आपण लगेच विचारलं की ती 'नाही सापडलं' सांगायची आणि आपला कोड परत पाठवायचा. हे कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये नव्हतं, त्या एका ओळीत होतं. बारा वर्षं चाललेल्या कोडमध्ये अशा शेकडो ओळी असतात, प्रत्येक ओळीमागे कोणाचीतरी जागलेली एक रात्र असते, आणि नव्याने लिहिताना त्या सगळ्या रात्री तुला परत जागाव्या लागतात.

नेटस्केप या जुन्या ब्राउझर कंपनीचं उदाहरण या धंद्यात सगळे देतात आणि ते द्यावंच असं आहे. त्यांचं ४.० व्हर्जन १९९७ मध्ये आलं, मग त्यांनी जुना कोड बाजूला ठेवून ब्राउझर जवळजवळ नव्याने लिहायला घेतला, ५.० कधी आलंच नाही आणि ६.० यायला नोव्हेंबर २००० उजाडला. मध्ये किरकोळ सुधारणा येत राहिल्या पण मोठं असं काही नाही, आणि त्याच काळात इंटरनेट एक्सप्लोररचं पाचवं व्हर्जन येऊन बाजार घेऊन गेलं. (पुढे त्याच कामातून मोझिला आणि फायरफॉक्स आले हे खरं, पण तोवर कंपनीचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.) ती माणसं हुशार होती रे, त्या काळातली उत्तम. तरी तीन वर्षं गेली.

एआयचं म्हणशील तर मी रोज वापरते, टेस्ट लिहायला, जुनी किचकट क्वेरी समजून घ्यायला फार उपयोगी पडतं. पण कोड टाइप करणं हा रीराईटमधला अवघड भाग कधीच नव्हता. ते तीन सेकंद का आहेत हे एआयला विचारलंस तर ते पटेल असं काहीतरी कारण सांगेल, आणि ते खरं आहे की नाही हे तुला पलीकडच्या सिस्टीमवाल्या माणसाला फोन करूनच कळेल. आणि मायक्रोसर्व्हिसेस म्हणजे आज जो फंक्शन कॉल आहे तो उद्या नेटवर्कवरून जाणार, मध्येच तुटणार, दोनदा पोचणार. ज्या टीमला एक सिस्टीम नीट रोलबॅक करता, म्हणजे आधीच्या व्हर्जनवर परत नेता, येत नाही तिने पंधरा बनवू नयेत, याबाबतीत मी ठाम आहे.

पण म्हणून तुझे सीनियर बरोबर, असंही म्हणणार नाही. 'चालतंय ना' वर विसंबून राहिलं की काय होतं त्यासाठी १ ऑगस्ट २०१२ ची नाइट कॅपिटलची सकाळ बघ. शेअरबाजारात ऑर्डर पाठवणारी कंपनी, नवीन कोड ८ सर्व्हरवर टाकायचा होता, ७ वर पडला, एकावर राहिला. त्या राहिलेल्यावर २००३ नंतर न वापरलेला एक जुना कोड तसाच पडून होता, आणि नवीन कोडने नेमका त्याचाच जुना फ्लॅग, म्हणजे तो चालू करायची खूण, परत वापरला होता. बाजार उघडला आणि तो मेलेला कोड जागा होऊन ऑर्डरी सोडत सुटला. घाईघाईत त्यांनी काय केलं, तर बरोबर चालणाऱ्या ७ सर्व्हरवरून नवीन कोड काढला, मग तिथेही जुना जागा झाला. ४५ मिनिटांत सुमारे ४४ कोटी डॉलर गेले. यांत्रिकपणे 'परत जुनं टाका' म्हणजे रोलबॅक नव्हे, तो आधी करून बघितलेला असावा लागतो. आणि जो कोड वापरात नाही तो हात न लावता ठेवणं हीच सगळ्यात मोठी जोखीम असते, तो डिलीट करायचा, कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये राहतोच की.

मग करायचं काय, तर मधला रस्ता आहे. सॉफ्टवेअरच्या रचनेवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी २००४ च्या सुमारास त्याला एका झाडाचं नाव दिलं, स्ट्रँगलर फिग. वडा-उंबराच्या जातीची काही झाडं दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजतात, मुळं हळूहळू खाली सोडतात, जुन्या खोडाला वेढतात आणि कालांतराने आतलं झाड संपतं आणि बाहेरचं आपल्या पायावर उभं असतं. तसं एकेक तुकडा नवीन लिहायचा, जुन्याच्या समोर ठेवायचा, काही रिक्वेस्ट नवीनकडे वळवायच्या, बिघडलं तर एक स्विच फिरवून जुन्याकडे परत. पण तुकड्याला हात लावायच्या आधी त्याच्यावर टेस्ट लिही, आणि या टेस्टमध्ये कोडने काय करायला हवं ते लिहू नकोस, तो आज काय करतो ते जसंच्या तसं लिही, चुकीचं वाटलं तरी. तीच तुझी बारा वर्षांची डॉक्युमेंटेशन. त्या तीन सेकंदांपासूनच सुरुवात कर ना. गिट लॉगला कॅपिटल एसचा ऑप्शन देऊन ती ओळ शोध, ज्या कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या बदलाच्या नोंदीत, ती पहिल्यांदा आली तो सापडेल, तारीख आणि नाव मिळेल, त्या तारखेच्या आसपासचे जुने तिकीट आणि मेल बघ. कदाचित पहिला कमिट नुसता 'इनिशियल इम्पोर्ट' निघेल आणि सगळा इतिहास तिथेच संपेल, तसं झालं तर जो सोडून गेलाय त्याला सरळ मेसेज कर. सोडून गेलेली माणसं आपल्या जुन्या कोडबद्दल विचारलं की बहुतेक वेळा आनंदाने सांगतात, मी सांगते. कारण कळलं की त्या कमेंटच्या जागी दोन ओळी नीट लिही.

लॅपटॉपचा मुद्दा तू जाता जाता लिहिलास पण तो छोटा नाहीये. बिल्डला ११ मिनिटं लागली की माणूस दिवसातून चार-पाचदाच बिल्ड करतो, मग बदल मोठे होतात, टेस्ट न चालवता कोड पुढे जातो, आणि हे सगळं जाऊन शुक्रवारी संध्याकाळी साठतं. नुसतं 'स्लो आहे' म्हणून कोणी मशीन बदलून देत नाही, म्हणून मोजून जा. बिल्ड चालू असताना टास्क मॅनेजर उघडून बघ. मेमरी ९५ टक्क्यांच्या पुढे आणि डिस्क सतत १०० टक्के, असं दिसलं तर रॅम कमी पडतेय आणि मशीन मेमरीतलं डिस्कवर हलवत, म्हणजे स्वॅप करत, बसलंय, प्रोसेसर मस्त रिकामा. आत अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर हिशोब बघ: मिनिटाला ५,४०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद, हवा तो डेटा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी साडेपाच. बिल्डने ५०,००० बारक्या फाइली एकेक करून वाचल्या तर साडेचार मिनिटं नुसती चकती फिरायची वाट बघण्यात गेली. कॅशमुळे थोडी वाचतात, पण एसएसडीमध्ये हा प्रकारच नाही. अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून तपासत असेल तर तेही दिसेल, बिल्डचं फोल्डर वगळायला आयटीला लेखी विचार, स्वतःहून बंद करू नकोस. पंख्यात धूळ साचून मशीन तापलं की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, तेही तपासून घे. आठवडाभर रोज किती बिल्ड, किती मिनिटं, एका कागदावर लिही आणि तो कागद मॅनेजरसमोर ठेव, सोबत सांग की रॅम आणि एसएसडी एवढंच हवंय, नवा लॅपटॉप नको. अशी मागणी नाकारणं कोणालाही जड जातं.

शुक्रवार संध्याकाळचं रिलीज, रोलबॅक बसेपर्यंत नाही म्हण, सरळ. बसल्यावर वार कुठला याने फरक पडत नाही, छोटं छोटं रोज गेलं तर बिघडलेलं काय ते लगेच सापडतं.

आणि तो सोमवार. मॅनेजरनी चुकीचं केलं, हे मी स्पष्ट लिहिते. विमान चालवणाऱ्यांसाठी नासा १९७६ पासून एक व्यवस्था चालवते, पायलट स्वतःची चूक स्वतः कळवतो, त्याचं नाव काढून टाकतात आणि माहिती सगळ्यांना वापरायला मिळते. कळवणाऱ्याला चारचौघांत झापलं असतं तर तिथे एक कागद आला नसता. तुमच्याकडेही पुढच्या वेळी ज्याच्या हातून चूक होईल तो आधी लपवायला बघेल, आणि लपवण्यात गेलेली पंधरा मिनिटं सगळ्यात महाग असतात. हे त्यांना एकट्यात भेटून सांग, रागाने नको. जाताना एक पानभर लिहून ने: काय झालं, किती वाजता, कशामुळे शक्य झालं, आता मी काय काय बदलतोय. त्यात स्वतःला एकही शिवी नको आणि दुसऱ्या कोणाचं नावही नको.

नोकरी सोडायची का, तर अजून तीन महिने थांब. ते पान वाचून त्यांनी रिस्टोअरचं काम तुला दिलं, वाचायचं अकाउंट वेगळं करू दिलं, तर जागा शिकण्यासारखी आहे, राहा. पान न वाचताच 'पुढच्या वेळी लक्ष दे' एवढंच म्हणाले तर शांतपणे दुसरीकडे बघायला लाग. मुलाखतीत तुला प्रश्न विचारायची वेळ देतात तेव्हा दोनच विचार: शेवटचा बॅकअप रिस्टोअर करून कधी बघितला, आणि शेवटची मोठी चूक झाली तेव्हा दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये काय बोलणं झालं. उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात तेही बघ.

आणि त्या तीन सेकंदांचं कारण सापडलं की मला नक्की लिही, मला खरंच जाणून घ्यायचंय.